चंदनाचा बुडखा आणि पकडलेले ओंडके, डीएनएनं जुळवता येतात काय?

जांबोटीचा_पाऊस (प्रश्न)

मंडळी नमस्कार, जरा मोठं लिहितोय, संभाळून घ्या.

आमच्या परसातलं चंदन गेलं. आजोबांच्या वेळचं झाड, कुणी लावलेलं नव्हतं, विहिरीच्या कडंला पाखरांनी बी टाकलं नि आलं असं आजी सांगायची. मागच्या मंगळवारी रात्री धो धो पाऊस, लाईट गेलेली, कुत्रं पण भुंकलं नाही (त्याला काय खायला घातलं कुणास ठाऊक, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडूनच होतं), सकाळी उठून बघतोय तर वीतभर बुडखा आणि बाजूला फांद्यांचा ढीग, मधला सोट तेवढा गायब. महिनाभर आधी कुणीतरी गिरमिटानं खोडाला भोक पाडून गेलेलं, मी म्हटलं किडा लागला असेल. शहाणा मी.

आता गंमत अशी की चार दिवसांनी पलीकडं महाराष्ट्रात चंदगड बाजूला एका गाडीत चंदनाचे सहा ओंडके सापडलेत. गाडीवाला म्हणतोय माझ्या शेतातलं झाड वाळलं म्हणून तोडलं. आमच्याकडं ठाण्यात गेलो तर उत्तर मिळालं, चंदन सगळं सारखंच की हो, तुमचंच कशावरून? वर आमची तक्रार कन्नडमध्ये लिहिलेली, तिकडचा पंचनामा मराठीत, ह्यांचं त्यांना कळंना नि त्यांचं ह्यांना.

टपरीवर एक पोरगा म्हणाला की माणसाचा करतात तसा झाडाचा पण डीएनए करता येतो, बुडखा नि ओंडका एकाच झाडाचा हे कोर्टात सिद्ध होतंय. खरं आहे काय? का उगाच मोबाईलवर बघून बोलायलाय? आणि घाई एवढ्यासाठी की बाबा म्हणायलेत बुडखा पण उपटून मुळं काढून ठेवू, नाहीतर राहिलेलं पण नेतील. काय करू?

टिळकवाडीकर

सिरीयल कमी बघा. इथं माणसाचा रिपोर्ट यायला वर्ष वर्ष लागतंय, झाडाचा कोण करणार. अमेरिकेत होत असेल.

रिटायर्ड_बॉटनी

टिळकवाडीकर, अमेरिकेत झालंय ते खरंच, आणि आजकालचं नाही, १९९२ सालचं. जांबोटीवाले, सगळ्यात आधी बाबांना थांबवा. बुडखा उपटायचा नाही. बाकीचं सविस्तर सांगते, तीस वर्षं कॉलेजात हेच शिकवलंय तेव्हा लांबण लागली तर माफ करा.

अ‍ॅरिझोनात एका बाईचा खून झाला, मृतदेह वाळवंटी भागात पालो व्हर्डे नावाच्या झाडांजवळ सापडला. आपल्याकडं कुंपणाला पार्किन्सोनिया लावतात ना काटेरी, पिवळ्या फुलांचा, त्याच्याच कुळीतलं झाड. जवळ संशयिताचा पेजर पडलेला. तो म्हणाला बाईला लिफ्ट दिली होती, तिनं पेजर चोरला, मी त्या जागेवर गेलोच नाही. पण त्याच्या पिकअपच्या मागच्या हौद्यात त्या झाडाच्या दोन शेंगा सापडल्या, आणि तिथल्या एका झाडाची फांदी गाडी घासल्यासारखी खरचटलेली होती. आता शेंगा तर त्या भागात पसाभर मिळतील, मग ह्या त्याच झाडाच्या कशावरून, म्हणजे तुमच्या ठाण्यातला प्रश्न अगदी जशाच्या तसा! तेव्हा अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या टिमोथी हेलेंटजारिस ह्या शास्त्रज्ञाकडं शेंगा दिल्या. त्यानं नुसत्या शेंगा आणि ते झाड एवढंच तपासलं नाही, आजूबाजूची आणि लांबची पण बरीच झाडं तपासली, प्रत्येकाच्या डीएनएच्या पट्ट्यांचा नमुना वेगळा आला आणि शेंगांचा जुळला तो फक्त त्या खरचटलेल्या झाडाशी. शिक्षा झाली, १९९५ ला वरच्या कोर्टानंही ती कायम केली.

ह्यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे बाकीची झाडं तपासणं. नुसतं "जुळलं" ह्याला काही अर्थ नाही, शेजारची दहा झाडं पण तशीच जुळत असतील तर? म्हणून जांबोटीवाले मला आधी सांगा, परसात अजून चंदन आहे काय? कारण चंदनाला मुळातून फुटवे येतात आणि मुळातून आलेलं झाड म्हणजे तेच झाड, डीएनए तोच. बियांचं असेल तर प्रत्येक रोप वेगळं, कारण चंदनात परागकण बहुतेक दुसऱ्या झाडावरून येतात. तुमचं पाखरांनी आणलेलं, म्हणजे बियांचं, चांगली गोष्ट आहे.

आणि "चंदनाचा डीएनए" म्हणजे एकच एक टेस्ट नसते. बारकोड म्हणतात त्यानं (२००९ मध्ये वनस्पतींसाठी आरबीसीएल नि मॅटके असे दोन जीन जगभर ठरवले) फक्त हे चंदन आहे का दुसरं काही एवढंच कळतं. तो माणूस चंदन नाहीच म्हणत असता तर त्याचा उपयोग. हरितलवकातला (पेशीतला हिरवा भाग) डीएनए बहुतेक फुलझाडांत आईकडूनच येतो, त्यानं साधारण कुठल्या भागातलं ते सांगता येतं, केरळचं मरयूर का आपलं. तुम्हाला पाहिजे ते तिसरं, मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएत परत परत येणारे बारके तुकडे, माणसात बाप कोण ठरवायला वापरतात तसलंच. तेच मागा, नाहीतर "नमुना चंदनाचा आहे" असा रिपोर्ट येईल नि सगळे टाळ्या वाजवतील.

ऊसवाला_चिकोडी

मॅडम लई भारी सांगितलंत. मंग माझा पण प्रश्न घ्या. आमच्याकडं रात्री बेणं चोरीला जातंय, उभ्या उसातनं दहा-बारा मोळ्या कापून नेतात. शेजारच्याच रानात नवीन लागण झाली, मला माहीत आहे कुणाचं बेणं ते, समदं गाव जाणतंय. त्याचा डीएनए काढला तर सापडंल का न्हाई?

रिटायर्ड_बॉटनी

नाही हो दादा, आणि हे बरं विचारलंत. वाण कुठला लावलाय? को ८६०३२ च असणार. ऊस आपण कांडीनं लावतो, बियांनं नाही, म्हणजे कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत तयार झालेलं ते एकच मूळ झाड कापून कापून चिकोडी, अथणी, पार कोल्हापूरपर्यंत पसरलंय. तुमचा ऊस, शेजाऱ्याचा ऊस आणि कारखान्याच्या चेअरमनचा ऊस, तिघांचा डीएनए एक. नेहमीच्या टेस्टला त्यांच्यात फरक दिसणार नाही. रिपोर्ट येईल "जुळला" आणि शेजारी म्हणेल तुमचाच माझ्या रानातनं नेलाय!

निपाणीच्या तंबाखूचं पण थोडंफार तसंच, ती बियांची असली तरी स्वतःच्याच परागावर फळते, एका वाणाची सगळी रोपं जवळपास एकसारखी. केळी, हापूसची कलमं, मोगरा, सगळी तीच कथा. रायवळ आंबा, चिंच ह्यांच्यात मात्र बहुधा झाडागणिक वेगळा. शेतकऱ्यानं जितकं नीट निवडून वाण सांभाळलं तितकं पोलिसाला अवघड.

पण उलटं पण होतं बरं का. फिनलंडमध्ये एका खुनात संशयितांच्या अंगावर चिकटलेल्या शेवाळाचे बारीक तुकडे तपासले, २००३ साली त्याचा पेपर आला. शेवाळाच्या काही जाती तुकड्यातुकड्यानंच वाढतात, म्हणजे क्लोनच, सगळ्यांचा डीएनए एक. पण तिथं एकेक क्लोन म्हणजे जमिनीवरचा लहानसा पॅच, माणसानं सगळ्या जिल्ह्यात नेऊन लावलेला नाही. म्हणून तुकडा जुळला की जागाच सांगतोय. म्हणजे क्लोन आहे का नाही एवढ्यावर ठरत नाही, तो क्लोन किती लांबवर पसरलाय ह्याच्यावर आहे.

ऊसवाला_चिकोडी

चेअरमनचा नि माझा ऊस एक हे वाचून मात्र बरं वाटलं. बिल देताना त्यांना सांगतो.

काळा_कोट_बेळगाव

आता माझा धंदा. सांगायचं ते कोरडं वाटेल पण उपयोगाचं आहे.

एक, हद्द. चोरी झाली तिथं पण केस चालते आणि माल सापडला तिथं पण. दोन राज्यं आहेत म्हणून कुणी हात झटकत असेल तर तसं चालत नाही. भाषेचा घोळ असेल तर दोन्हीकडच्या कागदांच्या प्रमाणित नकला आणि भाषांतर मागा, आम्ही सीमाभागातले वकील अर्ध्याहून जास्त आयुष्य ह्यातच घालवतो.

दोन, तज्ज्ञाचं मत. आधी पुरावा कायद्याचं कलम ४५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ३९ झालं. झाडाचा डीएनए असला तरी दार तेच. पण एक खुबी लक्षात ठेवा, सरकारी फॉरेन्सिक लॅबच्या ठराविक अधिकाऱ्यांचा रिपोर्ट साक्षीदार न बोलावता वाचता येतो. लाकडावर काम करणाऱ्या एखाद्या संशोधन संस्थेतनं रिपोर्ट आणला तर त्या शास्त्रज्ञाला बहुधा पिंजऱ्यात उभं राहायला लागणार, आणि समोरचा वकील त्याला पहिला प्रश्न डीएनएवर विचारणारच नाही. तो विचारणार, नमुना कुणी घेतला, कुठल्या तारखेला, सील कुणाचं, मध्ये पाच दिवस कुणाच्या कपाटात होता. केस पडते ती इथं.

तीन, डीएनएनं काय सिद्ध होतं ते. मॅडमनी १९९२ चं सांगितलं, त्यात कोर्टानं "जुळतं" एवढं बोलू दिलं पण योगायोगानं जुळायची शक्यता लाखात किती ते आकडे ज्युरीपुढं येऊ दिले नाहीत. त्या मानानं अलीकडचं बघा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ऑलिम्पिक राष्ट्रीय वनातनं काही जण मेपलची झाडं चोरून विकत होते, त्या लाकडाला गिटारवाले सोन्यासारखा भाव देतात (मिरजेत सतारीला तुणीचं लाकूड लागतं तसं, पण ह्याचा भाव कैच्या कै). २०१८ च्या ऑगस्टमध्ये एका झाडाच्या बुडाशी गांधीलमाशांचं पोळं होतं, ते घालवायला पेट्रोल ओतून पेटवलं आणि जंगलाला आग लागली, तीन हजार एकराच्या वर जळालं. गिरणीला विकलेलं लाकूड आणि जंगलातले तीन बुडखे डीएनएनं जुळले, वनखात्याच्या शास्त्रज्ञानं साक्षीत सांगितलं की योगायोगाची शक्यता एकावर छत्तीस शून्यं एवढ्यात एक. २०२१ मध्ये त्यातल्या एकाला चोरीसाठी आणि चोरलेलं लाकूड विकल्यासाठी दोषी ठरवलं. पण आग लावल्याच्या दोन आरोपांवर ज्युरीनं दोषी धरलं नाही. का? लाकूड त्या झाडाचं हे डीएनए सांगतोय, काडी कुणी ओढली ते सांगत नाही.

तुमच्यात पण तेच. ओंडका तुमच्या झाडाचा ठरला तरी गाडीवाला म्हणेल मी विकत घेतला. मात्र त्यानं आत्ताच "माझ्या शेतातलं" असं लिहून दिलंय ना? मग डीएनएनं ते खोटं ठरतं, आणि खोटी सबब ही साखळीतली एक जास्तीची कडी होऊ शकते. नुसत्या तेवढ्यावर शिक्षा नाही होत, १९८४ चा सुप्रीम कोर्टाचा शरद बिरधीचंद सारडाचा निकाल (पुण्याचीच केस) आजपण प्रत्येक वकील वाचून दाखवतो, परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पूर्ण पाहिजे. त्याला सांगायला लावा, तुझ्या शेतातला बुडखा दाखव. तो पण तपासू दे की!

जांबोटीचा_पाऊस

वकीलसाहेब शेवटची ओळ वाचून अंगावर मूठभर मांस चढलं. मॅडम, परसात अजून एक चंदन आहे, लहान, मनगटाएवढं, मोठ्यापासून सात-आठ हातावर. ते बियांचं का मुळातनं आलेलं ते कसं ओळखायचं? आणि ओंडके नुसते गाभ्याचे हायत, वरचं पांढरं लाकूड तासून टाकलंय त्यांनी. त्यातनं डीएनए निघतो काय?

रिटायर्ड_बॉटनी

लहान झाडाचं पण सॅम्पल घ्यायचं, बघून ओळखायच्या भानगडीत पडू नका. दोघांचा वेगळा आला तर तुमची बाजू अजून पक्की, एकच आला तरी दोन्ही तुमच्याच परसातली, फार बिघडत नाही.

गाभ्याचं मात्र दुखणं आहे, खोटं कशाला सांगू. गाभा म्हणजे मेलेल्या पेशी, डीएनए तुकडे तुकडे झालेला असतो, वर चंदनाचं तेल. ज्या वासासाठी एवढी मारामारी ती द्रव्यंच लॅबमधल्या पीसीआरला (डीएनएच्या नकला वाढवायची पद्धत) आडवी येतात. निघतो, पण थोडा आणि कष्टानं. म्हणून पोलिसांना विनंती करा की ओंडक्यावर कुठं साल किंवा पांढरं लाकूड चिकटून राहिलंय काय ते बघा, सालीच्या आतला ओलसर थर सगळ्यात चांगला. तासताना एखाद्या फटीत, गाठीपाशी राहतंच. त्या गाडीत ढलप्या पडल्या असतील तर त्या ओंडक्यापेक्षा मोलाच्या.

तुमच्या बाजूनं सोपं आहे. बुडख्याला पंधरा-वीस दिवसांत फुटवा येईल, त्याचं कोवळं पान म्हणजे शुद्ध सोनं, डीएनए अगदी तोच. फक्त तो बुडख्यातनंच आलाय, शेजारी पडलेल्या बीतनं नाही, एवढी खात्री पंचांसमोर करा आणि फोटो काढा. मुळाचा तुकडा देऊ नका, चंदन हे अर्धं परजीवी, त्याची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळात घुसलेली असतात, ओढताना करंजाचं मूळ हातात येईल नि लॅबवाले म्हणतील हे काय पाठवलंत. पान कागदी पाकिटात, प्लॅस्टिकमध्ये नको, बुरशी येते. मिळाली तर सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी.

तपासणी कुठं म्हणाल तर बेंगळुरूत मल्लेश्वरमला आयडब्ल्यूएसटी म्हणून लाकडावर संशोधन करणारी केंद्राची संस्था आहे, लाकूड ओळखण्याचं कामही करतात, चंदन तर त्यांचा जुना विषय. केरळात पीचीच्या वन संशोधन संस्थेनं पण मरयूरच्या चंदनाच्या डीएनएवर काम केलंय. पण तुम्ही स्वतः पार्सल पाठवू नका, वकीलसाहेब रागावतील, तपास अधिकाऱ्यामार्फतच जाऊ दे.

गार्डमामा

मी वनखात्यात होतो, आता घरी. शिकलेल्या लोकांनी डीएनएचं सांगितलं ते बरोबर असेल, पण सगळ्यात पहिला ओंडका नेऊन बुडख्यावर ठेवून बघा की. करवतीची चाल दोन्हीकडं एकच असते, मध्ये करवत अडकली, काढली, परत लावली की पायरी पडते, ती पायरी वर खाली बरोबर बसते. गाभ्याचा आकार पण प्रत्येक झाडाचा वेगळा, गोल कधीच नसतो. कुठं खोडात भेग असली तर वरच्या तुकड्यात पण तीच भेग. तासलंय म्हणता, तरी गाभा तर गाभ्यावर बसेल. आणि ते गिरमिटाचं भोक! भोक सोटात असणार, म्हणजे ओंडक्यात कुठंतरी ते दिसलं पाहिजे. तुम्ही त्याचा फोटो काढलेला काय त्या वेळी?

दुसरं, बाबांना सांगा मुळं काढायची झाली तरी खात्याची परवानगी लागते. झाड तुमच्या मालकीचं असलं तरी तोडायला, न्यायला पास लागतो, आणि मुळात तेल असतं म्हणून मुळाला पण तेच नियम. चोर राहील बाजूला नि केस तुमच्यावर.

तिसरं, बुडख्याला डांबर, चुना, रॉकेल काही लावू नका. लोक लावतात.

काळा_कोट_बेळगाव

मामांच्या पहिल्या मुद्द्याला माझा दुजोरा. १९३५ चा अमेरिकेतल्या लिंडबर्ग ह्या वैमानिकाच्या मुलाच्या अपहरणाचा खटला तर लाकडावरच गाजला, डीएनए तेव्हा कुणाच्या स्वप्नात पण नव्हता. आर्थर कोहलर म्हणून लाकडाचा तज्ज्ञ होता, त्यानं अपहरणाला वापरलेल्या शिडीची एक बाजू आणि आरोपीच्या माळ्यावरची फळी एकच होती हे रेषांवरनं आणि खिळ्यांच्या भोकांवरनं दाखवलं. न्यायाधीशाला डोळ्यांनी दिसणारी गोष्ट कधीपण आवडते. दोन्ही करा, आधी ठेवून बघा, पंचांसमोर, व्हिडिओ काढून, आणि मग डीएनए. ओंडका बुडख्यावर ठेवताना मध्ये प्लॅस्टिकचा कागद घाला, नाहीतर तुमच्याच बुडख्याचा भुसा ओंडक्याला लागला म्हणून समोरचा वकील उड्या मारेल.

टिळकवाडीकर

बरं बाबा, माझे शब्द मागे. पण रिपोर्ट यायला वर्ष लागणार हे मागे घेत नाही.

जांबोटीचा_पाऊस (तीन आठवड्यांनी)

अपडेट देतोय, उशिराबद्दल सॉरी, नेटवर्क असलं तर लाईट नाही नि लाईट असली तर नेटवर्क नाही.

गिरमिटाच्या भोकाचा फोटो सापडला!! मी नाही काढलेला, पुतणी विहिरीजवळ सेल्फी काढत होती, तिच्या कानामागं बरोबर ते भोक दिसायलंय, तारखेसकट. मूळ फोटो तिच्याच फोनमध्ये ठेवलाय, वकीलसाहेबांच्या ओळखीच्या एकांनी सांगितलं फोन बदलू नको, पोरगी रुसलीय.

दोन्हीकडचे अधिकारी एकदाचे एकत्र आले. ओंडके घेऊन परसात, पंच म्हणून दोघं, एक कन्नड बोलणारा एक मराठी, असं मीच सुचवलं. सहापैकी पाच तुकड्यांचं काहीच कळलं नाही, सहावा बुडख्यावर ठेवला तर गाभ्याला गाभा बसला, मामा म्हणाले तशी करवतीची पायरी पण होती, पण एका बाजूला बोटभर जागा राहते, तेवढं तासलंय का दुसऱ्याच झाडाचं ते कुणी बोलंना. एक साहेब म्हणाले बसतंय, दुसरे म्हणाले बसल्यासारखं वाटतंय. पंचनाम्यात "बसल्यासारखे" असं लिहिलंय. मंग मी हट्टानं नमुने घ्यायला लावले. दुसऱ्या एका तुकड्याला गाठीपाशी नखाएवढी साल राहिलेली, ती आणि बुडख्याची साल, आणि लहान झाडाचं पान, वेगवेगळ्या कागदी पाकिटात, सील करून. गाडीवाल्याच्या शेतातला बुडखा मागितलाय, तो म्हणतोय जाळला.

कोवळ्या फुटव्याचं पान मात्र द्यायचं राहिलं, कारण आलेला पहिला फुटवा शेजारच्यांच्या शेळीनं खाल्ला, पंचनाम्याच्या आदल्या दिवशी. आता दुसरा आलाय, दोन पानांचा. बाबांनी स्वतःच त्याच्यावर कोंबड्यांचं डालगं पालथं घातलंय नि वर दगड ठेवलाय, आणि येईल जाईल त्याला सांगायलेत, हात लावू नका, कोर्टाचं आहे.

मॅडम, पाठवायचं झालं तर किती पानं लागतात? दोनच हायत.

रिटायर्ड_बॉटनी

एक पुरे. दुसरं झाडाला राहू दे.